फळबागेच्या धुऱ्यावर कोणती फुले लावावीत?

नागपूर जिल्ह्यात संत्र्याचा आंबिया बहार फुलतो तो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी या काळात. डिसेंबरमध्ये बागेला ताण दिला जातो. ताण तोडून पाणी सोडले म्हणजे थोड्याच दिवसांत झाडे पांढऱ्या फुलांनी भरून जातात व बागेत मधमाश्यांची वर्दळ सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत पाकळ्या गळतात आणि ही वर्दळ थांबते. मृग बहार धरणाऱ्या बागेत हाच प्रकार जून-जुलैमध्ये घडतो. एका बागेत सहसा एकच बहार धरला जात असल्याने, कोणतीही संत्राबाग परागीकरण करणाऱ्या कीटकांना वर्षातून फार तर तीन आठवडे अन्न पुरवते, असे म्हणावयास हरकत नाही. उरलेले एकूणपन्नास आठवडे त्यांनी कोठे व कशावर जगावयाचे, हा प्रश्न बागाईतदारासमोर सहसा येत नाही. तथापि बहाराच्या वेळी बागेत मधमाश्या येतील किंवा नाही, हे बहुतांशी या एकूणपन्नास आठवड्यांवर अवलंबून असते.

अलीकडे शेताच्या बांधावर, म्हणजे विदर्भाच्या बोलीत धुऱ्यावर, फुलझाडे लावण्याकडे शेतकऱ्यांचा व पंचायतींचा कल वाढत आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र ही निवड बहुधा फुलांचे रूप पाहून किंवा रोपवाटिकेत जे रोप सहज मिळेल ते घेऊन केली जाते. फुलांची निवड महिना पाहून करावी आणि ते झाड फळबागेच्या किडीला आसरा देत नाही ना, हे तपासून करावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. उदाहरणासाठी रामटेक तालुक्याचा परिसर घेतला आहे.

परागीकरण करणारे कीटक

मधमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच कीटक येतो. प्रत्यक्षात आपल्याकडे मधमाश्यांचे अनेक प्रकार आहेत. उंच वृक्षांवर व कड्यांवर एकच मोठे पोळे बांधणारी आग्या माशी. झुडपांच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत समांतर पोळी बांधणारी व पेटीत पाळता येणारी सातेरी. आणि भिंतीच्या फटीत राहणारी, नांगी नसलेली, डासाएवढी पोयाची माशी. याखेरीज १९६० च्या दशकात उत्तर भारतात स्थिरावलेली युरोपीय मेलिफेरा मधमाशी आता व्यावसायिक मधपाळांच्या पेट्यांतून सर्वत्र फिरते.

परंतु मधमाश्यांच्या जगातील बहुसंख्य जाती वसाहत करून राहत नाहीत. जगात त्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी बहुतेक एकांड्या आहेत. वाळलेल्या लाकडात भोक पाडून राहणारा काळा भुंगा, पाने गोल कापून घरटे करणारी पानकापी माशी, मोकळ्या जमिनीत बीळ करणाऱ्या लहान माश्या ही त्यांची नेहमी दिसणारी उदाहरणे होत. आंब्याच्या मोहरावर मधमाश्यांपेक्षा निरनिराळ्या माश्यांचेच काम अधिक असते आणि सीताफळाचे परागीकरण बारीक भुंगेरे करतात. वांग्याच्या फुलातील पराग तर फूल थरथरवल्याशिवाय नीट सुटत नाहीत. ही थरथर भुंग्याला साधते, पेटीतील मधमाशीला साधत नाही. सारांश, केवळ मधपेट्या आणून ठेवल्याने सर्व पिकांचे परागीकरण होईल, ही समजूत बरोबर नाही.

संत्र्याला मधमाशीची गरज किती?

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. नागपुरी संत्र्याचे फूल स्वपरागित होऊ शकते. मधमाश्या नसल्या तर झाडाला एकही फळ धरणार नाही, असे नाही. मधमाश्यांच्या भेटींनी फळधारणेस साहाय्य होते, परंतु बहार टिकणे हे ताण, पाणी, अन्नद्रव्ये, तापमान आणि कीडनियंत्रण यांवरही तितकेच अवलंबून असते. काही बिनबियांच्या जातींना तर परपरागीकरण नकोसे असते. स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात बिनबियांच्या मंडारिन बागांजवळ मधपेट्या ठेवण्यावरून बागाईतदार आणि मधपाळ यांच्यात वाद झालेले आहेत. नागपुरी संत्रा मूळचाच बियांचा असल्याने आपल्याकडे ही अडचण तितकीशी जाणवत नाही.

मग धुऱ्यावर फुले कशासाठी लावावयाची? कारण शेतकऱ्याचे शेत केवळ संत्र्याचे नसते. त्याच शिवारात तूर असते, तीळ व जवस असतो, परसात भोपळा, दोडकी, काकडी असतात. वेलवर्गीय भाज्यांत नर व मादी फुले वेगवेगळी असल्याने कीटकांखेरीज त्यांना फळ धरत नाही. कारळ्याचे, म्हणजे रामतिळाचे, झाड स्वतःच्या परागाने बी धरू शकत नसल्याने त्याचे उत्पादन सर्वस्वी कीटकांवर असते. जैवविविधतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रमुख अन्नपिकांच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रकारांना कमीअधिक प्रमाणात परागीकरण करणाऱ्या प्राण्यांची गरज असते. हे साहाय्य नाहीसे झाल्यास काय होते, याचे उदाहरण चीनच्या सिचुआन प्रांतातील हान्युआन भागात सापडते. तेथे नासपतीच्या बागांत माणसे झाडांवर चढून, पिसांच्या कुंचल्याने एकेका फुलाला पराग लावीत असतात. मधमाशी जे काम विनामूल्य करते, त्याची मजुरी द्यावी लागली तर ते किती महाग पडेल, याची कल्पना यावरून यावी.

रामटेकचे बारा महिने

नागपूरच्या ईशान्येस असलेल्या रामटेक तालुक्याचे दोन स्पष्ट भाग पडतात. उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याचे पानझडी जंगल आहे. १९९९ मध्ये घोषित झालेला पेंच व्याघ्र प्रकल्प याच पट्ट्यात येतो. दक्षिणेकडे तलावांच्या व पेंचच्या कालव्यांच्या पाण्यावर पिकणारा सपाट प्रदेश असून त्यात भाताचे क्षेत्र मोठे आहे. संत्र्याचे मुख्य आगर काटोल-नरखेडकडे असले, तरी संत्रा, लिंबू, पेरू, आंबा व आवळा यांच्या बागा या बाजूसही आहेत. या दोन भागांत कोणत्या महिन्यात काय फुलते, याचा हिशेब मांडला म्हणजे उणीव नेमकी कोठे आहे ते ध्यानात येते.

जानेवारीपासून मे अखेरपर्यंत जंगल स्वतःच समृद्ध असते. प्रथम काटेसावर व धायटी, मागोमाग पळस, मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब, जांभूळ व मोह, एप्रिल-मेमध्ये करंज, बहावा व शिरीष फुलतात. माणसाला हा काळ रखरखीत वाटतो, परंतु मधमाशीच्या दृष्टीने तो सुगीचा असतो. मे-जूनमध्ये चिंच आणि कुडा फुललेले असतात. हा कुडा म्हणजे संस्कृतातील कुटज. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष आषाढातील मेघाचे स्वागत याच फुलांनी करतो आणि रामगिरी म्हणजे रामटेक अशी परंपरा असल्याने हे झाड येथील वाचकांना अपरिचित नाही.

खरी अडचण जुलैपासून सुरू होते. जंगलात साग फुलतो, पण सपाट प्रदेशात चारही बाजूंस भात असतो. भाताच्या फुलात मधुरस नसतो. पावसाने अन्य फुलांतील रस धुऊन जातो आणि माश्यांना बाहेर पडता येत नाही. मधपाळ या काळाला टंचाईचा काळ म्हणतात व पेटीतील वसाहतींना साखरेचा पाक देऊन जगवतात. रानातील माश्यांना पाक देणारे कोणी नसते. वसाहत दुबळी होते, स्थलांतर करते किंवा नष्ट होते. त्यानंतर जानेवारीत जेव्हा आंबिया बहार फुलतो, तेव्हा आवश्यक त्या संख्येने माश्या शिवारात शिल्लकच नसतात.

यावरून निवडीचा नियम आपोआप निघतो. जे जंगल देते ते धुऱ्यावर पुन्हा लावण्याची तितकीशी गरज नाही. धुऱ्यावरची जागा, पाणी व श्रम जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत फुलणाऱ्या वनस्पतींसाठी राखून ठेवावेत.

कोणत्या वनस्पती लावाव्यात

झुडपांमध्ये पहिला मान निर्गुडीचा. ती पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने फुलते, छाट कलमापासून सहज येते, आणि गुरे-शेळ्या तिला तोंड लावत नसल्याने कुंपणावाचून टिकते. तिच्या जोडीला अडुळसा लावावा. त्याची फुले हिवाळ्यात येतात व तोही गुरे खात नाहीत. झाडांमध्ये बोर, बाभूळ व शेवगा उपयुक्त आहेत. बोरीचा फुलोरा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो. बाभूळ पावसाळ्यात पराग पुरवते. शेवगा हिवाळ्यात व त्यानंतरही फुलतो आणि घरच्या भाजीचीही सोय होते. बागेपासून दूर, गावाच्या सामाईक जागेत करंज व जांभूळ लावल्यास मृग बहाराच्या आधीचे महिने भरून निघतात.

हंगामी पिकांचा वापर तर विनाखर्चाचा आहे. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला जातो व फुलोरा येण्याच्या सुमारास गाडला जातो. त्यातील एक-दोन ओळी गाडू नयेत. तागाच्या पिवळ्या फुलांवर भुंगे व पानकापी माश्या मोठ्या संख्येने येतात. धुऱ्यालगत तिळाचा व कारळ्याचा एकेक पट्टा पेरल्यास ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ भरून निघतो. त्यानंतर तूर फुलते, आणि डिसेंबर-जानेवारीत मोहरी व जवस. धने व बडीशेप यांच्या बारीक फुलांवर ज्या लहान माश्या येतात, त्यांपैकी काहींच्या अळ्या मावा खातात. म्हणजे एकाच पट्ट्यात परागीकरण आणि कीडनियंत्रण ही दोन्ही कामे साधतात. घराशेजारची तुळस आणि पावसाळ्यात आपोआप उगवणारा तरोटा यांनाही या यादीत स्थान आहे. तरोटा सगळाच उपटून टाकण्याऐवजी पडीक कडेला थोडा फुलू द्यावा.

कोणत्या वनस्पती टाळाव्यात

ही यादी वरच्या यादीइतकीच महत्त्वाची आहे, कारण येथील चूक बागेला घातक ठरू शकते.

कुंती, जिला काही ठिकाणी कामिनी म्हणतात, तिचे कुंपण सुंदर दिसते, फुलांना सुवास असतो व मधमाश्याही येतात. तथापि ती संत्र्याच्याच कुळातील असून संत्र्यावरील सायला या किडीची आवडती आश्रयवनस्पती आहे. ही कीड ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते व त्या रोगावर खात्रीचा उपाय नाही. म्हणून संत्रा, मोसंबी वा लिंबाच्या बागेजवळ कुंती लावूच नये. कढीलिंबाविषयीही हीच सावधगिरी बाळगावी. बेल व बावची यांवर लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या वाढतात. देवळाजवळचा बेल तोडण्याचे कारण नाही, परंतु बागेच्या धुऱ्यावर तो नव्याने लावू नये.

गुळवेल औषधी असल्याने अलीकडे सर्वत्र लावली जाते. तिच्यावर व वासनवेलीवर फळातील रस शोषणाऱ्या पतंगांच्या अळ्या पोसल्या जातात. पुढे हेच पतंग पावसाळ्याच्या अखेरीस रात्री पिकू लागलेल्या आंबिया संत्र्याला सोंड खुपसतात, व छिद्र पडलेले फळ सडून गळते. म्हणून बागेच्या परिसरातून या दोन्ही वेली काढून टाकाव्यात. गुळवेल हवी असल्यास ती बागेपासून दूर, गावठाणातील निंबावर चढवावी. एरंडावरही अशाच एका पतंगाच्या अळ्या वाढतात.

घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, पण ती जंगल व गायरान व्यापून टाकते. गाजरगवत व सुबाभूळ यांचाही प्रसार आवरत नाही. शोभेच्या दुहेरी पाकळ्यांच्या फुलांत बहुधा पराग व मधुरस दोन्ही कमी असतात. ती अंगणात शोभतात, परंतु कीटकांच्या फारशा उपयोगी पडत नाहीत.

लागवडीची पद्धत

एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एका जातीची पाच-सहा झुडपे एकत्र लावावीत. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच प्रकारच्या फुलांवर जाते, त्यामुळे गुच्छाने लावलेली झुडपे तिला अधिक सोयीची होतात. लहान एकांड्या माश्या घरट्यापासून काही शे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाहीत. म्हणून बागेच्या एकाच कोपऱ्यात दाट लागवड करण्यापेक्षा चारही धुऱ्यांवर थोडी थोडी करणे हिताचे. उंच वाढणारी झाडे पश्चिम व उत्तर बाजूस ठेवावीत, म्हणजे उन्हाळ्यातील उष्ण वारा व हिवाळ्यातील थंड वारा अडेल. संत्र्याच्या ओळीवर त्यांची सावली पडू नये व मुळे बागेत शिरू नयेत, एवढे अंतर राखावे. मध्ये एक चर खणल्यास मुळांचा उपद्रव कमी होतो.

अन्नाबरोबर निवाराही हवा. धुऱ्याचा काही भाग न नांगरता, उघडा व कोरडा ठेवल्यास जमिनीत राहणाऱ्या माश्यांना जागा मिळते. वाळलेल्या बांबूचे तुकडे एका बाजूने बंद ठेवून, जुडी बांधून, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी आडवे टांगावेत. मार्च ते जून या काळात उथळ भांड्यात खडे व पाणी ठेवावे. खड्यांवर बसून माशी पाणी पिते व बुडत नाही. उन्हाळ्यात धुरे पेटवून स्वच्छ करण्याची प्रथा अनेक गावांत आहे. त्या आगीत वाळक्या काड्यांतील घरटी, फुलोरीची पोळी व नुकतीच लावलेली रोपे नष्ट होतात. धुरा कापून साफ करावा, जाळू नये.

फवारणीचे वेळापत्रक

आंबिया बहाराच्या वेळी फुलांबरोबर नवतीही फुटते, आणि नवतीवर सायला, पाने पोखरणारी अळी व काळी माशी यांचा प्रादुर्भाव होतो. म्हणजे फवारणीची गरज आणि मधमाश्यांची गर्दी एकाच पंधरवड्यात येते. धुऱ्यावर कितीही फुले लावली, तरी फुललेल्या बागेत दुपारी कीटकनाशक मारल्यास तो सर्व खटाटोप व्यर्थ होय. यास्तव निरीक्षण करून पहिली फवारणी कळ्या उमलण्यापूर्वी आटोपावी व दुसरी पाकळ्या गळल्यावर करावी. मध्ये फवारणी टाळणे अशक्यच झाले, तर ती सूर्यास्ताच्या सुमारास करावी, आणि निंबोळी अर्कासारखे सौम्य साधन आधी वापरावे. झाडाच्या रसात मिसळणारी काही कीटकनाशके मधुरसातही उतरतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम व क्लोथियानिडिन या तिन्हींच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. आपल्याकडे सायलासाठी अशा औषधांचा वापर होत असल्याने, निदान फुलोऱ्यात ती वापरू नयेत. शेजारी मधपेट्या असतील तर फवारणीपूर्वी मधपाळाला सूचना देणे हा शेजारधर्म होय. धुऱ्यावरील फुलांवर फवारा उडू नये, याचीही काळजी घ्यावी.

पंचायत, शाळा व अधिकारी

एकट्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर हे काम पूर्ण होत नाही, कारण मधमाशी सातबाऱ्याच्या सीमा मानीत नाही. ग्रामपंचायतीच्या ताब्यात ई-वर्ग जमीन, पांदण रस्ते, तलावांच्या पाळी व स्मशानभूमीची कडा असते. या जागी वृक्षलागवडीचा ठराव करताना रोपांची संख्या लिहिली जाते, तशी त्या जातींच्या फुलोऱ्याचा महिनाही लिहावा. सर्व रोपे एकाच महिन्यात फुलणारी असतील, तर यादी बदलावी. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेकडे निर्गुडी, अडुळसा, बोर व करंज यांची मागणी उन्हाळ्यापूर्वीच नोंदवली, तर पावसाळ्यात ती रोपे मिळू शकतील. आग्या मोहोळ जाळून मध काढण्याची रीत गावात असल्यास, पोळे न जाळता केवळ मधाचा भाग कापण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण मध काढणाऱ्यांना मिळवून द्यावे. या बाबतीत पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय यांचे मार्गदर्शन घेता येते. सातारा जिल्ह्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून पुढे आले. संपूर्ण गावाने एकत्र येऊन हे काम करता येते, याचे ते उदाहरण होय. लिंबूवर्गीय फळांच्या किडी व आश्रयवनस्पतींसंबंधी शंका असल्यास नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावाची फुलोरा-वही तयार करून घ्यावी. प्रत्येक आठवड्यास गावशिवारात कोणती झाडे-झुडपे फुललेली आहेत याची नोंद करावी, आणि ठरावीक दोन-तीन झुडपांसमोर सकाळी पंधरा मिनिटे उभे राहून किती व कोणत्या प्रकारच्या माश्या आल्या ते मोजावे. पोळ्याजवळ मात्र मुलांना नेऊ नये. एका वर्षात ही वही पूर्ण झाली, म्हणजे गावातील टंचाईचे आठवडे कोणते, हे पंचायतीला बाहेरच्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. २० मे या जागतिक मधमाशी दिनी ती ग्रामसभेपुढे वाचली, तर पावसाळी लागवडीची यादी ठरविण्यास ती वेळेवर उपयोगी पडेल.

कृषी व पंचायत विस्तार अधिकाऱ्यांनी आरंभी मोठा कार्यक्रम हाती घेण्याचे कारण नाही. गावातील दोन बागा निवडाव्यात. एकीच्या धुऱ्यावर येत्या पावसाळ्यात निर्गुडी, ताग, तीळ व कारळे यांची लागवड करावी, व दुसरी आहे तशी ठेवावी. दोन्हींत सारखीच मशागत व फवारणी असावी. पुढील बहारात दोन्ही बागांतील ठरावीक फांद्यांवर फुले व नंतर धरलेली फळे मोजावीत, आणि त्याच शेतांतील तुरीच्या व भोपळ्याच्या फळधारणेचीही नोंद ठेवावी. ही नोंद दोन-तीन वर्षे ठेवली, तर शेजारच्या शेतकऱ्याला सांगण्यासारखे काही हाती येईल. शेतकऱ्याचा विश्वास भाषणापेक्षा शेजारच्या शेतावर अधिक बसतो. त्यामुळे या कामाचा पुढील प्रसार त्या दोन धुऱ्यांवरूनच होईल.